चौरसाचे माप चौरसानेच

क्षेत्रफळ म्हणजे आकृतीने व्यापलेली सपाट जागा, आणि ती मोजायची चौरसांनी. एक सेंटिमीटर बाजूचा चौरस जेवढी जागा व्यापतो, तेवढी एक चौरस सेंटिमीटर. असे चौरस एकमेकांवर न चढवता आणि मध्ये फट न सोडता आकृतीत किती बसतात, तो आकडा म्हणजे तिचे क्षेत्रफळ. लांबी गुणिले रुंदी हे सूत्र सर्वांना पाठ असते. पण सूत्र पाठ झाले की चौरस डोळ्यांसमोरून जातात, आणि पुढचे सगळे घोटाळे त्यातूनच होतात.

चौकोनी ट्रेमध्ये थापलेल्या खोबऱ्याच्या वड्या घ्याव्यात. इंचाइंचावर सुरी फिरवली, लांबीत 8 वड्या पडल्या आणि रुंदीत 6. आठाआठाच्या सहा ओळी, म्हणजे 48 वड्या, 48 चौरस इंच. गुणाकार तो एवढाच: ओळींची मोजणी. आता सुरी अर्ध्या अर्ध्या इंचावर फिरवली, तर एका ओळीत 16 आणि ओळी 12, एकूण 192. वडीची बाजू निम्मी झाली, पण वड्या दुप्पट न होता चौपट झाल्या, कारण सुरी उभीही फिरली आणि आडवीही. ट्रे मात्र तोच, सारणही तेवढेच.

उभी आणि आडवी, हे दोन्ही ध्यानात ठेवले नाही की फसगत ठरलेली. मीटरमध्ये 100 सेंटिमीटर असतात, म्हणून चौरस मीटरमध्ये 100 चौरस सेंटिमीटर, असे बेधडक लिहिले जाते. खरे उत्तर 100 गुणिले 100, म्हणजे 10,000. फुटाचे 12 इंच, पण चौरस फुटाचे 144 चौरस इंच. मीटर म्हणजे सुमारे 3.28 फूट, तर चौरस मीटर म्हणजे सुमारे 10.76 चौरस फूट. घराचे क्षेत्रफळ एका मापातून दुसऱ्यात नेताना नुसते 3.28 ने गुणले, तर उत्तर एक तृतीयांशाहूनही कमी येते. मोठ्या माणसांनी ही चूक करू नये.

जमिनीच्या मापातही हेच आहे. गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद, म्हणजेच 1,089 चौरस फूट. मग 66 फूट लांब-रुंद तुकडा दोन गुंठ्यांचा का? नाही, चार गुंठ्यांचा. वड्यांची सुरी इथेही दोन्हीकडून फिरते. असे 40 गुंठे मिळून एकर, 43,560 चौरस फूट. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. आर म्हणजे 10 मीटर बाजूचा चौरस, 100 चौरस मीटर. हेक्टर 100 मीटर बाजूचा, म्हणून त्यात 10 नव्हे, 100 आर. बाजू दसपट, जागा शंभरपट.

काठ मोजून जागा कळत नाही, हेही याच ओघातले. 20 मीटर बाजूच्या चौरस तुकड्याला 80 मीटर कुंपण लागते. 30 बाय 10 मीटरच्या तुकड्यालाही तेवढेच. पण पहिल्याचे क्षेत्रफळ 400 चौरस मीटर आणि दुसऱ्याचे 300. काठाचे माप मीटरमध्ये, जागेचे चौरस मीटरमध्ये. एकावरून दुसरे सांगता येत नाही.

वड्यांचे सारण गोल थाळीत थापले तर काठाशी अर्धवट वड्या राहतात. आलेख कागदावर अशा वेळी अर्धा किंवा त्याहून मोठा तुकडा एक धरतात आणि लहान सोडून देतात. चौकटी जितक्या बारीक, तितके उत्तर अचूक. त्या बारीक होत गेल्या की शेवटी काय हाती येते, हा विषय मोठा आहे. पण वर्तुळाच्या सूत्रातही चौरसच आहे, एवढे तरी सांगायलाच हवे. पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे त्रिज्येएवढ्या बाजूचे तीन चौरस आणि थोडे वर. 7 इंच त्रिज्येच्या थाळीत सुमारे 154 चौरस इंच जागा असते, आणि 14 इंच त्रिज्येच्या परातीत सुमारे 616, म्हणजे पुन्हा चौपटच.