नौकेच्या डिझेल इंजिनाचे निदान

पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि गोव्यातील मालिम, चापोरा, कुटबण येथील धक्क्यांवर पुन्हा डिझेल इंजिनांची धडधड सुरू होते. दोन महिने स्वस्थ पडून राहिलेले इंजिन पहिल्याच फेरीत दगा देण्याचा संभव असतो. रस्त्यावर मोटार बंद पडली तर ती बाजूला उभी करता येते. समुद्रात ती सोय नाही. वारा आणि प्रवाह नौकेला खडकाकडे ओढू लागले, की इंजिनाचा बिघाड हा खलाशांच्या प्राणांचा प्रश्न होतो. म्हणून दोष शोधण्याची रीत तांडेलास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ साली आउग्सबुर्ग येथे झाली. त्याचे तत्त्व साधे आहे. त्याला ठिणगी लागत नाही. सिलिंडरातील हवा दाबून मूळच्या सुमारे अठराव्या हिश्शाएवढी केली, की ती पाचशे अंशांहून अधिक तापते. तीत नोजलमधून डिझेलचे तुषार सोडताच ते पेट घेतात. अर्थात स्वच्छ डिझेल, भरपूर हवा आणि पुरेसा दाब या तीन गोष्टी इंजिनाला हव्यात. शिवाय त्याला थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे तेल. कोणताही बिघाड बहुधा या पाचांतच सापडतो.

चालते इंजिन हळूहळू मंदावून बंद पडले, तर प्रथम डिझेलकडे पाहावे. पावसाळ्यात अर्धी रिकामी राहिलेल्या टाकीत दमट हवेचे पाणी होऊन ते तळाशी साचते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढतात व त्यांचा बुळबुळीत गाळ फिल्टरात अडकतो. अशा वेळी साचलेले पाणी काढून टाकावे, फिल्टर बदलावा आणि हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत नळीतील हवा बाहेर काढावी. तरीही इंजिन थोडे चालून पुन्हा थांबले, तर टाकी व पंप यांमधील एखादा सांधा सैल असून तेथून हवा आत शिरत असावी. तेथे डिझेल आत ओढले जात असल्यामुळे बाहेर थेंबही दिसत नाही आणि दोष नजरेतून सुटतो.

धुराचा रंगही पुष्कळ सांगतो. काळा धूर म्हणजे हवा कमी, नोजल खराब किंवा इंजिनावर भार फार. निळा धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ येणारच. परंतु इंजिन तापल्यावरही तो राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडत आहे किंवा सिलिंडरात पाणी शिरत आहे. मात्र केवळ रंगावरून इंजिन उघडू नये. काळ्या धुरासाठी नोजल काढून दुरुस्तीला पाठवावे, आणि खरा अपराधी पंख्याला गुंडाळलेला जाळ्याचा तुकडा निघावा, असेही घडते. त्यात पैसा जातो आणि हंगामाचे दिवसही जातात.

इंजिन अतिशय तापले, तर नौकेबाहेर पडणारी पाण्याची धार पाहावी. ती क्षीण असेल तर समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या चाळणीत प्लास्टिकची पिशवी अडकली आहे काय, हे पाहावे. नंतर पंपाचे रबरी चक्र तपासावे. त्याची पाती तुटली असतील, तर नवे चक्र बसवून काम संपत नाही. तुटलेला प्रत्येक तुकडा शोधून काढला पाहिजे. नाही तर तो पुढे जाऊन नळी बंद करतो. तापलेल्या इंजिनाच्या पाण्याचे झाकण मात्र कदापि उघडू नये.

तेलाची पट्टी रोज पाहावी. तेल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. त्याची पातळी वाढून त्याला डिझेलचा वास येत असेल तर डिझेल झिरपत आहे. दोन्ही प्रसंगी इंजिन चालवणे म्हणजे बेअरिंगांचा नाश करणे होय.

भर समुद्रात इंजिन थांबले, तर प्रथम नांगर टाकावा. धोका दिसताच बिनतारी यंत्राच्या सोळा क्रमांकाच्या वाहिनीवर मदत मागावी. भ्रमणध्वनीवरून तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मिळतो. त्यानंतरच पाना हाती घ्यावा. आधी सोपे व स्वस्त तपासावे, मग अवघड. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व तिचा परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही. काय बदलले, किती तासांनी बदलले, हे वहीत टिपून ठेवावे. पुढच्या खेपेस मिस्त्री आला, की त्याच्या हाती सर्वांआधी ती वही द्यावी.