संगणकावरील प्रॉपर्टी एडिटर

'प्रॉपर्टी' हा शब्द कानीं पडतांच पुष्कळ श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें सातबाराचा उतारा उभा राहील. प्रोग्रॅमरच्या भाषेंत मात्र त्याचा अर्थ निराळा. संगणकाच्या पडद्यावरील बटण, चौकट, यादी अशा प्रत्येक वस्तूला रंग, रुंदी, मथळा असे कांहीं गुणधर्म असतात. त्यांसच प्रॉपर्टी म्हणतात. व्हिज्युअल बेसिकनें व १९९५ सालच्या डेल्फीनें हे गुणधर्म एका कोष्टकांत मांडून दिले : डावीकडे नांव, उजवीकडे मूल्य. रंग निवडावयाचा झाल्यास तेथेंच रंगांची पेटी उघडते. मूल्य भरण्याची ही सोय म्हणजेच प्रॉपर्टी एडिटर होय.

रंगाची सोय तयार मिळते. परंतु गुणधर्म 'जिल्हा' हा असेल तर? तयार साधन एक रिकामी ओळ पुढें करतें, आणि वाटेल तें टाइप करण्यास मोकळीक देतें. २०२३ सालीं उस्मानाबाद जिल्ह्याचें नांव अधिकृतपणें धाराशिव झालें. ज्या प्रोग्रॅमांत नांवच मूल्य म्हणून साठविलें असेल, तेथें जुन्या नोंदी एका नांवाखालीं व नव्या दुसऱ्या नांवाखालीं पडणार. शोधणाऱ्यास अर्धाच जिल्हा सांपडणार, आणि ज्याचा कागद उरलेल्या अर्ध्यांत आहे त्यानें हेलपाटे घालावे! मोटारींच्या पाट्यांना हा घोर पडला नाहीं. 'एमएच २५' हा क्रमांक पूर्वीं होता, तोच आजहि आहे.

जाणता प्रोग्रॅमर हीच युक्ति योजतो व स्वतःचा एडिटर लिहितो. डेल्फींत मूळ एडिटरच्या क्लासापासून आपला क्लास काढावा, यादी हवी असें त्यांत सांगावें, नांवें पुरवावीं व तो आपल्या गुणधर्माशीं नोंदवावा. २००२ सालच्या डॉटनेटमध्यें यादी उघडावी कीं स्वतंत्र खिडकी, हें एडिटर ठरवितो. आंतील क्रमांक व दिसणारें नांव यांची अदलाबदल टाइप कन्व्हर्टर करतो. नांव बदललें कीं यादींतील एकच ओळ बदलावी. नोंदींस हात लागत नाहीं. शिवाय डॉटनेटचें तें कोष्टक चालत्या प्रोग्रॅमांतहि ठेवतां येतें, त्यामुळें कारकुनासहि तीच यादी मिळते.

तालुक्याचें काम याहून नाजूक. धाराशिव जिल्ह्याचे तालुके आठ. पैकीं कळंब नांवाचा तालुका यवतमाळ जिल्ह्यांतहि आहे. म्हणून तालुक्याच्या एडिटरनें त्याच नोंदींतील जिल्हा आधीं वाचावा आणि मगच यादी उघडावी. जिल्हा बदलतांच पूर्वींचा तालुका पुसावा लागतो. ही गोष्ट विसरल्यास यवतमाळच्या नोंदींत परंडा राहून जाईल.

जुन्या नोंदींस तेवढ्यानेंहि भागत नाहीं. लातूर जिल्हा १९८२ सालीं निराळा झाला. त्यापूर्वीं औसा, निलंगा हे तालुके उस्मानाबादेंत मोडत. तेव्हां एडिटरनें जिल्ह्याबरोबर नोंदीचें सालहि पाहावें, म्हणजे १९७५ सालच्या जन्माच्या नोंदीस यादींत निलंगा सांपडेल.