गाय घेताना कास बघतो, टीबीचं का विचारत नाही?

(२४ मार्च, जागतिक क्षयरोग दिनानिमित्त प्रभागसंघाच्या बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण)



बचत गोळा करण्याआधी पाच मिनिटं गाईबद्दल बोलते. बऱ्याच जणींनी गटाच्या कर्जातून गाय घेतली आहे, कुणी घोडेगावच्या बाजारातून, कुणी लोणीच्या. घेताना आपण कास बघतो, दात बघतो, वेत विचारतो. टीबीचं कुणी विचारत नाही.

गाईलाही टीबी होतो. २०१८ मध्ये अभ्यासकांनी देशातल्या आधीच्या तपासण्या एकत्र करून अंदाज काढला, की शंभर जनावरांत साधारण सात बाधित असतात. बाधित गाय कितीतरी दिवस धडधाकट दिसते, दूधही देते. रोग श्वासातून शेजारच्या जनावराला लागतो आणि कच्च्या दुधातून माणसाला.

हे कळलं कसं, ते ऐका. २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. गिनीपिग नावाच्या, सशाहून लहान, बिनशेपटीच्या प्राण्याला जंतू टोचून त्यांनी ते सिद्ध केलं. म्हणून आजचा हा दिवस. पण याच कॉख यांनी १९०१ मध्ये लंडनला सांगितलं, की गाईच्या टीबीची माणसाला फारशी भीती नाही.

इंग्लंडच्या सरकारने त्यावर विसंबून न राहता चौकशी आयोग नेमला. दहा वर्षं काम चाललं. टीबी झालेल्या माणसांच्या, लेकरांच्या शरीरातले जंतू वासरांना, सशांना, गिनीपिगना टोचून पाहिले. माणसाच्या जंतूने ससा सहसा तग धरतो, गाईच्या जंतूने मरतो. पोटाचा टीबी झालेल्या बऱ्याच लेकरांमध्ये गाईचाच जंतू निघाला. तो दुधातून आला होता.

आता आपल्या बाळाच्या डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण आठवा. ती लस गाईच्याच जंतूपासून झाली. फ्रान्समध्ये काल्मेट आणि गेरँ यांनी तेरा वर्षं तो जंतू २३० वेळा नव्याने वाढवून दुबळा केला, जनावरांवर तपासला आणि १९२१ मध्ये ती लस पहिल्यांदा बाळाला दिली.

हीच लस गाईला चालेल का? इथिओपियात लस दिलेली वासरं बाधित गाईंसोबत एकाच गोठ्यात वर्षभर ठेवली. नंतर त्याच वासरांसोबत नवी जनावरं ठेवून पाहिली. रोगाचं पसरणं जवळपास ९० टक्क्यांनी घटलं, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. अडचण एकच. लस दिलेली गाय नेहमीच्या चाचणीत बाधितच दिसते. त्यासाठी वेगळी चाचणी लागते. आपल्याकडे ही लस अजून गाईंना सरसकट देत नाहीत.

तोवर आपल्या हातात चाचणी आहे. मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचतात आणि तीन दिवसांनी डॉक्टर सूज मोजतात.

खरी भीती मला माहीत आहे. गाय बाधित निघाली तर हप्ता कुठून भरू? इंग्लंडात सरकार अशी गाय मारतं आणि मालकाला भरपाई देतं. आपल्याकडे गाय कापायला कायद्याने बंदी आहे. मग मन म्हणतं, गुपचूप बाजार दाखवू. पण ती गाय घेणारीसुद्धा कुठल्यातरी गटातली, कर्ज काढलेली बाईच असते.

म्हणून तीन गोष्टी मांडते.

एक, दूध उकळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही. धारोष्ण दूध ताकदीचं म्हणून लेकराला देऊ नका. दही-लोणीसुद्धा तापवलेल्या दुधाचंच. उकळीने जंतू मरतो.

दोन, घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, मानेत गाठ असेल, तर सरकारी दवाखान्यात तपासा आणि घरी जनावर आहे हे सांगा. नेहमीच्या औषधांपैकी पायराझिनामाईड गाईच्या जंतूवर चालत नाही, म्हणून डॉक्टरांना ते कळायला हवं.

तीन, गाईसाठी कर्ज देताना गटाने आधी चाचणीचा आग्रह धरावा. आणि एखादीची गाय बाधित निघालीच, तर ती वेगळी बांधावी, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि गटाने तिच्या हप्त्याला मुदतवाढ द्यावी. हप्त्याची भीती गेली, तर गाय कुणी लपवणार नाही.

हा तिसरा विषय आजच ठरावाला घ्या, एवढीच विनंती.