चुलीपासून फळ्यापर्यंत

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने केलेलं हे भाषण. ज्या तायांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



आपल्या गटांची दशसूत्री तुम्हाला पाठ आहे. पहिली पाच सूत्रं आपण डोळे मिटून पाळतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, दप्तर लिहिणं. पुढच्या पाचांत एक सूत्र शिक्षणाचं आहे. ते आलं की आपण म्हणतो, "पोरं शाळेत जातात ना, झालं तर." आज मला त्या सूत्राबद्दल बोलायचं आहे. आणि थोडी माझ्या चुकीची कबुलीही द्यायची आहे.

माझी सगळी नोकरी आपल्याच जिल्ह्यातल्या दोन शिक्षकी शाळांत गेली. दोन शिक्षकी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पहिलीपासूनचे सगळे वर्ग, सगळे विषय, शिवाय माहिती भरणं, बैठका, निवडणुकीची कामं. कायद्याने पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. कलेसाठी अंशकालीन निदेशक मिळतो, पण सहावी ते आठवीची मुलं शंभरच्या वर असतील तर. आपल्या वाडीवस्तीच्या शाळेत शंभर मुलं कुठून आणायची? निम्मी घरं मुंबईला गेलेली.

तरी वेळापत्रकात कलेचा तास होता. भिंतीवर रंगीत खडूने लिहिलेला. त्या तासाला मी काय करायचे? गणित. कधी शुद्धलेखन. आणि जानेवारी महिना लागला की मोबाइलवर सिनेमातलं गाणं लावून प्रजासत्ताक दिनाचा नाच बसवायचे. कपडे तालुक्याहून भाड्याने आणायचे. ज्यांना भाडं परवडायचं नाही त्या मुली मागे बसून टाळ्या वाजवायच्या. हीच आमच्या शाळेची कला.

त्या मागे बसणाऱ्यांत एक मुलगी होती. चौथीतली. वर्गात तिचं तोंड म्हणून उघडायचं नाही. वाचायला उभी केली की पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहायची. मी तिच्या नावापुढे मनातल्या मनात 'कच्ची' असं लिहून टाकलं होतं. तिची आजी आमच्याच शाळेत पोषण आहार शिजवायची. तुमच्यासारख्याच एका गटाची सभासद. आम्ही सगळे तिला काकी म्हणायचो.

एका वर्षी गौरी-गणपतीला मी त्यांच्या वाडीत गेले. रात्री गौरी जागवायला बायका जमलेल्या. झिम्मा सुरू झाला, मग फेर, मग बसफुगडी. गाणं सांगत होती काकी. आणि तिच्यामागून फेर धरणारी, प्रत्येक ओळ ठसक्यात उचलणारी, मोठ्या बायकांना "गो, उजवा पाय आधी" म्हणून सांगणारी कोण? तीच माझी कच्ची मुलगी. एका गाण्यात सासर, माहेर, भाऊ, नणंद, नदीचा पूर, सगळी कथाच होती. ती तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडपाठ. मी तिला आठ ओळींची कविता पाठ होत नाही म्हणून उभी करत होते!

त्या रात्री मला झोप आली नाही. काकी रोज माझ्या शाळेत येत होती. मागच्या दाराने यायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची, मागच्या दाराने जायची. मी तिला तांदूळ किती शिल्लक आहे एवढंच विचारलं. तुला काय येतं, हे कधीच विचारलं नाही.

सुट्टी संपल्यावर मी काकीला वर्गात बोलावलं. ती दारातच उभी राहिली. खुर्ची दिली तर बसेना. म्हणाली, "बाई, माझ्या गाण्यांत शिकवण्यासारखं काय हाय?" बहिणींनो, हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणींच्या तोंडात आहे ते मला माहीत आहे. म्हणून सांगते, त्यात काय आहे ते.

काकीने सांगितलेलं गाणं मी फळ्यावर लिहिलं. मुलांना ते आधीच येत होतं. आता फक्त बोट ठेवायचं होतं. तोंडातला शब्द आणि फळ्यावरचा शब्द यांची गाठ पडली की वाचन येतं. ती मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा फळ्यापुढे येऊन वाचायला उभी राहिली. एका दिवसात हुशार झाली असं मी म्हणणार नाही, पण बोलू लागली. गणिताच्या तासाला हात वर करू लागली. ज्या मुलाला वाटतं की आपल्या घरात काही नाही, ते शाळेत तोंड उघडत नाही. आपल्या घरातलं काहीतरी फळ्यावर लिहिण्याच्या लायकीचं आहे, हे दिसलं की ताठ उभं राहतं.

गाणी सोडा. ठिपक्यांची रांगोळी काढताना मोजणी येते, गुणाकार येतो, डावी बाजू उजवीसारखी कशी काढायची ते येतं. नारळाचा झाप विणताना एक पात खाली, एक पात वर, हा नियम हाताला कळतो. मृदंगाचा ताल म्हणजे मोजणीच. सूप, रोवळी, इरलं विणणाऱ्याला बांबू कधी तोडायचा, कोवळा कुठला, जून कुठला हे कळतं. पुस्तकातला परिसर अभ्यास तो हाच.

बायकांच्या गाण्याला किंमत आहे हे मी एकटी म्हणत नाही. साने गुरुजी आपल्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. त्यांनी बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा केल्या, 'स्त्रीजीवन' या नावाने छापल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. शिकलेल्या माणसांनी ज्यासाठी आयुष्य घातलं ते तुमच्या आजीच्या तोंडात होतं. शेजारच्या सिंधुदुर्गात पिंगुळीचे परशुराम गंगावणे. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपायला त्यांनी स्वतःच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठ्यातून पद्मश्रीपर्यंत जाता येतं, तर चुलीपासून फळ्यापर्यंत का नाही?

आता माझ्या चुका सांगते, म्हणजे तुमच्या टळतील.

पहिली चूक, वेळ. उत्साहाच्या भरात मी जुलैच्या एका शनिवारी पाच बायकांना बोलावलं. ऐन लावणीत! एकही आली नाही. मुलं दाराकडे बघत बसली. चूक त्या बायकांची नव्हती. शेतीचं कॅलेंडर न बघता मी शाळेचं कॅलेंडर केलं होतं. म्हणून आपल्या सवडीने महिने ठरवा. श्रावण-भाद्रपदात झिम्मा-फुगडी आणि जाखडी, कारण तेव्हा घराघरांत तेच चालू असतं. भातकापणी उरकून दिवाळी झाली की बांबूकाम, झाप, काथ्या, गोधडी. शिमग्याआधी नमन. जुलै आणि ऑक्टोबर सोडून द्या.

दुसरी चूक, पैसे. एका बांबूकाम करणाऱ्या दादांना बोलावलं. त्यांनी अख्खा दिवस दिला, मुलांना छोट्या टोपल्या विणायला शिकवल्या. आम्ही शाल आणि नारळ देऊन सत्कार केला, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको मला वाटेत भेटली. म्हणाली, "बाई, शाल पेजेत शिजत नाय." मला शरम वाटली. त्यांची एक दिवसाची मजुरी मी बुडवली होती. शिक्षकाला पगार मिळतो, मग शिकवणाऱ्या कारागिराला नारळ का? थोडं का होईना, मानधन द्यायचं आणि ते रजिस्टरला लिहायचं.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. मी काकीची गाणी वहीत उतरवायला सुरुवात केली खरी, पण सावकाश. तपासणी आली, परीक्षा आली, म्हटलं पुढच्या वर्षी करू. पुढच्या वर्षी काकी मुलाकडे मुंबईला गेली. तिथेच आजारी पडली. परत आली नाही. माझ्या वहीत अकरा गाणी आहेत. बाकीची तिच्याबरोबर गेली. तुमच्या वाडीतली जी काकी आज सत्तरीला आली आहे, तिच्याबद्दल मी बोलते आहे. पुढच्या वर्षी करू म्हणू नका.

आता करायचं कसं?

पुढच्या गटबैठकीत बचत गोळा झाली की पंधरा मिनिटं काढा. प्रत्येकीने सांगायचं, मला काय येतं, माझ्या घरात कुणाला काय येतं. ओवी, रांगोळी, गोधडी, मृदंग, गणपतीची मूर्ती रंगवणं, काहीही. दप्तर लिहिणाऱ्या ताईने ते लिहायचं. सगळ्या गटांच्या याद्या ग्रामसंघात एकत्र करा. तुम्हीच चकित व्हाल.

मग शाळेत जा, पण योग्य वाटेने. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊणपट तरी पालक आणि निम्म्या महिला हव्यात. म्हणजे तुमच्यातल्या काहीजणी तिथे आहेतच. नुसती सही करून येऊ नका. ग्रामसंघाचा ठराव, कलांची यादी आणि महिन्यातला एक शनिवार, असा साधा अर्ज समितीपुढे ठेवा, शाळेच्या आराखड्यात घालून घ्या. शनिवारच का? पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा शासनाचाच उपक्रम आहे, 2024 पासूनचा. सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना शिकवावं, गावातल्या कारागिरांकडे, कलाकारांकडे मुलांना न्यावं, हे 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच आहे. तेव्हा तुम्ही गुरुजींकडे उपकार मागायला जात नाही. त्यांनाही असं कुणीतरी हवंच आहे. बिचारे दोघंच असतात.

मानधनाची सोय ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात मागा. ग्रामसभेत आपण रस्ता मागतो, नळ मागतो, मग हेही मागा. मुलांकडून पैसे घेऊ नका, नाहीतर पुन्हा कुणीतरी मागे बसून टाळ्या वाजवत राहील. वर्गात शिक्षक हजर असल्याशिवाय बाहेरच्या कुणी तास घ्यायचा नाही, हा नियमही तुम्हीच घालून द्या. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला आणि देवरुखला चित्रकलेची महाविद्यालयं आहेत. तिथल्या मुलांना वर्षातून एकदा या म्हणून पत्र लिहा. रेखाकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा कशा असतात ते आपल्या मोठ्या मुलांना तेच नीट सांगतील.

दोन गोष्टी जपा. एक म्हणजे, ज्याचा बाप बांबू विणतो त्यानेच बांबू विणायचा, आणि ज्याचं घर कुंभाराचं त्यानेच माती मळायची, असं शाळेत होता कामा नये. तसं झालं तर आपण कलेच्या नावाने जातच शिकवली. सगळ्या मुलांनी सगळं शिकायचं. दुसरी म्हणजे मुली. नमनात गवळणी होतात पुरुषच, जाखडीत नाचतातही बहुतेक पुरुषच. शाळेत मुलगी मृदंगावर बसू दे, मुलगा रांगोळी काढू दे. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

काही पालक म्हणतील, "पोरांना नाचायला शाळेत घालतो काय? इंग्रजी शिकवा." त्यांच्याशी भांडू नका. त्यांची काळजी खोटी नाही. त्यांना एका शनिवारी वर्गात येऊन बसायला सांगा. आपलं पोर सगळ्यांसमोर उभं राहून बोलतंय हे त्यांना बघू द्या.

ती मुलगी आता मोठी झाली. लग्न होऊन पलीकडच्या गावात गेली. तिथल्या गटात ती दप्तर लिहिते. मागच्या गौरींना तिचा फोन आला, "बाई, आजीची ती वही तुमच्याकडे हाय ना? आमच्या शाळेत शिकवायची हायत." मी वहीची झेरॉक्स काढून पाठवली. अकराच गाणी आहेत, पण आहेत.

तुमच्या ग्रामसंघाची वही यापेक्षा जाड होऊ दे. शाळेत आपण इतकी वर्षं मागच्या दाराने गेलो, चुलीजवळ. ती चूल सोडायची नाही, ती आपली रोजीरोटी आहे, आणि पोरांच्या पोटात दोन घास पडतात ते त्या चुलीमुळेच. पण महिन्यातून एका शनिवारी पुढच्या दाराने जा. आणि खुर्ची दिली तर बसा.