दाराची आतली बाजू

मी वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, इंझोरीला राहतो. माझा धंदा कुशनचा. ट्रॅक्टरची सीट, ऑटोरिक्षाचं हूड, सोफ्याचं फाटलेलं रेक्झिन, हे माझं रोजचं काम. आज मात्र एका मोटारीच्या दारांविषयी सांगणार आहे. त्या कामात माझी फजिती झाली, तीही सांगतो.

गाडी प्रीमियर पद्मिनी, 1978 सालची. आमच्या भागातल्या एका निवृत्त गुरुजींची. त्यांच्या वडिलांनी ती जुनीच घेतली होती. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, फियाटच्या 1100 गाडीवरून ही मोटार तयार होत असे. 1974 पासून तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं आणि 2000 च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर, 2023 च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. अशा गाडीचे इंजिनाचे भाग शोधले तर जुन्या बाजारात सापडतात. दाराच्या आतलं पॅनेल सापडलं तरी बहुधा सडकंच असतं. ते नव्यानं बनवावं लागतं.

गुरुजी म्हणाले, “भाऊ, मायले आता दिसत नाही. पण गाडीत बसली का तिचा हात दारावर असते. तेवढं ध्यानात ठेवजो.”

मी मान डोलावली आणि नेमकं तेच विसरलो.

हे पॅनेल म्हणजे हार्डबोर्डचा तुकडा. त्यावर पातळ फोम, फोमवर रेक्झिन. मागच्या क्लिपा दाराच्या पत्र्यातल्या भोकांत बसतात. काच खाली-वर करायचं हँडल आणि दार उघडायची मूठ यांच्यासाठी त्यात भोकं पाडलेली असतात. मी हँडलामागचं लॉक काढलं, रुंद पात्याच्या पेचकसानं क्लिपा एकेक करून उचलल्या. जुना हार्डबोर्ड पापडासारखा हातात तुटला. आत मेणकापडासारखा एक फाटका कागद चिकटलेला होता, तो मी कचऱ्यात टाकला. पॅनेलचे तुकडे जुळवून नव्या हार्डबोर्डवर ठेवले, पेन्सिल फिरवली आणि कापलं. डाव्या दारासाठी फर्मा उलटा करावा लागतो. नाहीतर दोन्ही पॅनेलं उजवीच होतात. ती चूक माझ्याकडून झाली नाही, म्हणून मी खुशीत होतो.

मग हौस सुचली. इंचभर जाड फोम घातला, लालभडक रेक्झिन घेतलं, त्यावर शंकरपाळ्याची शिलाई मारली. मे महिन्यात गाडी दिली. बघणारे वाहवा म्हणाले. आजीबाई मागच्या सीटवर बसल्या, दारावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “कोनाची गाडी आनली रे बापू?”

सगळे हसले. मीही हसलो.

जुलैत पाऊस लागला. पंधरा दिवसांनी गुरुजी आले. तक्रार केली नाही, फक्त दार उघडून दाखवलं. पॅनेलची खालची कड फुगली होती, रेक्झिनला सुरकुत्या पडल्या होत्या. जाड फोममुळे क्लिपाही सुटत होत्या आणि हँडल शिलाईला घासत होतं.

जुने तुकडे फर्मा म्हणून माझ्याकडे होते. ते आता पहिल्यांदा उलटे करून नीट पाहिले. मागच्या बाजूला, खालून चार बोटांवर, पाण्याच्या डागाची सरळ रेघ होती. सगळं तिथंच लिहिलेलं होतं. मी फक्त पुढची बाजू पाहिली होती.

मोटारीच्या दारात पाणी शिरतंच. काचेला लागून रबराची पट्टी असते, पण काच सरकायला हवी म्हणून ती पक्की बंद करता येत नाही. आत आलेलं पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून खाली जावं, अशी मुळातच रचना असते. या दारांची भोकं धूळ आणि कचऱ्यानं बुजली होती. पाणी आणि पॅनेल यांच्यामध्ये जो आडोसा असतो, तो म्हणजे मी कचऱ्यात टाकलेला कागद.

दुसऱ्यांदा काम केलं ते असं. आधी तारेनं भोकं मोकळी केली. वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि ते खालून पडतं का, हे पाहिलं. गंजलेला पत्रा घासून रंगवला. हार्डबोर्डला दोन्ही बाजूंनी ऑइलपेंट दिला, कडांना दोनदा, कारण बोर्ड पाणी पितो तो कडेनंच. पत्र्यावर जाड प्लास्टिक चिकटवलं आणि त्याची खालची कड दाराच्या आत सोडली, म्हणजे ओघळ पॅनेलकडे न येता परत दारातच पडतो. फोम पातळ घेतला. रेक्झिन मागं इंचभर वळवलं, वळणावर कातरीनं चिरा दिल्या म्हणजे घडी पडत नाही. शिलाई जुन्या पॅनेलसारखी, साध्या आडव्या रेघांची. मोजमाप तुटक्या तुकड्यांवरूनच घेतलं.

या कामाचे पैसे घेतले नाहीत. गुरुजी द्यायला लागले तेव्हा म्हणालो, “गुरुजी, पहिल्या कामाचे घेतले ना. ते शिकवणीचे झाले.”

आजीबाईंना गाडीत बसवलं. त्यांनी दारावर हात ठेवला, बोटं आडव्या शिवणीवरून हँडलापर्यंत गेली. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं काच खाली केली आणि म्हणाल्या, “चाल आता, कारंज्याले जायचं आहे ना?”

तेव्हापासून माझ्या दुकानात नियम आहे. सीट असो, सोफा असो, जुनं काढलं की आधी उलटं करून पाहायचं. नवं काम गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंत त्यातलं काही फेकायचं नाही. यंदा पावसाळ्यानंतर गुरुजींच्या गाडीचं एक पॅनेल मुद्दाम काढून पाहिलं. मागची बाजू कोरडी होती.