वाय-फायची किल्ली कुणाच्या हाती?

(यवतमाळ येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



झरी-जामणी किंवा घाटंजीच्या खेड्यातून सल्ल्यासाठी आलेल्या बाईची फाइल आपण कपाटात कुलूपबंद ठेवतो. आता तीच माहिती संगणकात असते आणि संगणक वाय-फायवर चालतो. वाय-फायची लहर भिंतीपाशी थांबत नाही. ती शेजारच्या दुकानात, रस्त्यावरही पोचते. त्यामुळे 'हे तांत्रिक काम, जोडणीवाला भाऊ बघेल' असे म्हणून भागणार नाही.

जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांसंबंधीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घरच्या वाय-फायवरून गेला. जोडणी वापरली दुसऱ्यानेच, पण पोलीस पोचले ते त्या घरी.

मग आपण काय करायचे? राऊटरच्या पेटीला दोन पासवर्ड असतात. एक वाय-फाय वापरण्याचा, दुसरा पेटीतली व्यवस्था बदलण्याचा. हा दुसरा बहुधा कंपनीने दिलेलाच राहतो. जोडणीवाला समोर असतानाच दोन्ही बदलून घ्या. सुरक्षेच्या रकान्यात 'डब्ल्यूपीए-टू' किंवा 'डब्ल्यूपीए-थ्री' निवडा; 'ओपन' नको. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वेगळे 'गेस्ट' नेटवर्क ठेवा. पेटी खोलीच्या मध्याजवळ, उंचावर ठेवा. लोखंडी कपाटामागे ठेवली तर लहर अडते. पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका, आणि कुणी काम सोडून गेले की तो बदला.

घरातला प्रश्न याहून कठीण आहे. तिथे जोडणी बहुधा नवऱ्याच्या नावावर आणि पासवर्डही त्याच्याच हाती. भांडण झाले की तो बदलून तो बायकोचा बाहेरचा संबंध तोडू शकतो. कोणता फोन कधी जोडला होता, कोणती संकेतस्थळे उघडली, याची नोंद काही राऊटर ठेवतात. म्हणून सल्ला देताना विचारा, 'ताई, हा फोन कुणाच्या वाय-फायवर चालतो?' मदतीची माहिती तिने घरच्या वाय-फायवर शोधू नये, हे तिला समजावून सांगा.

बलात्कारपीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ खाली होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे. पण कायदा कामी येतो तो नाव फुटल्यावर. ते फुटू न देणे ही आपली जबाबदारी आहे. प्रत्येक केंद्रातल्या निदान दोघींनी तरी हे काम स्वतःच्या हाताने शिकून घ्यावे, एवढाच माझा आग्रह आहे.