एका किलोचे सहा किलो होतात, ते कसे?
(महासंघाच्या पुण्यातील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण पुण्यात जमलोय. या शहरात काही लोक खोलीत, गच्चीवर पाइपात भाजी लावतात. माती नाही, पाण्यात खत विरघळवून मुळांना देतात. यालाच हायड्रोपोनिक्स म्हणतात. त्यातला आपल्या कामाचा प्रकार म्हणजे मक्याचा चारा.

मागच्या उन्हाळ्यात आपल्या एका गटाने चाऱ्याच्या मशीनसाठी कर्ज घ्यायचं ठरवलं. विकणारा म्हणाला, एक किलो मक्याचा सहा किलो चारा! मीही मान डोलावली. ठरावावर सह्या व्हायच्या, तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "पोरी, किलोभर मका घातला, मग वरचे पाच किलो आले कुठून?" मला उत्तर येईना. एमएसडब्ल्यू झाले, पण हा प्रश्न सुचला नव्हता.

जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. वाढलेलं वजन पाण्याचं असतं! दाण्यातला सुका भाग वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. हिरवा, लुसलुशीत चारा जनावर आवडीने खातं, पण नुसत्या त्यावर पोट भरत नाही. कडबा, सुका चारा लागतोच.

मग काय, करायचंच नाही? तसं नाही. हिरवा चारा मिळतच नाही तेव्हा उपयोग होतो. जुने गोवे इथल्या आयसीएआरच्या केंद्राने यावर काम केलंय. त्याला मशीनच हवं असंही नाही. शेडनेट आणि ट्रे यांवरही होतं.

औषध न लावलेला, न फुटलेला मका घ्या. तरंगणारे दाणे काढा. रात्रभर भिजवा, मग एक दिवस ओल्या गोणपाटात बांधा. मोड आले की भोकं असलेल्या ट्रेमध्ये पातळ पसरा. सावलीत, हवेशीर ठेवा. दिवसातून अनेकदा हलकं पाणी फवारा. पहिल्या आठवड्यात दाण्यातलंच अन्न पुरतं, म्हणून खत लागत नाही. सात-आठ दिवसांत चारा तयार. मुळांसकट द्या, पण सुरुवातीला थोडाच.

माझ्या पहिल्या ट्रेला बुरशी आली. थर जाड केला, पाणी साचलं. सगळं फेकलं. बुरशीचा चारा जनावराला अजिबात देऊ नका.

आता हिशोब. समजा मका 25 रुपये किलो आणि चारा पाच किलो निघाला, तर किलोला पाच रुपये पडले. त्यात तुमची मेहनत धरलेलीच नाही! गावात ओला मका त्याहून स्वस्त मिळत असेल तर तोच घ्या.

त्या गटाने कर्ज थांबवलं. चार ट्रे घेतले, दोन शेळ्यांवर महिनाभर करून बघितलं. दोघीजणी अजून करतात, बाकीच्यांनी सोडलं. कर्जाचा हप्ता मात्र कुणाच्याच डोक्यावर नाही.

तेव्हा ठरावावर सही करण्याआधी काकूंसारखं विचारा: वरचे पाच किलो आले कुठून?